एकेचाळीस दिवसांच्या मंत्री

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. त्यांचा भाचा म्हणाला, "तुम्हाला कळवायचं, असं आत्यानं बजावून ठेवलं होतं."

ताई भंडाऱ्याकडच्या. शाळेत शिकवता शिकवता आमदार झाल्या आणि तीन पक्षांच्या आघाडी सरकारात मंत्री. ते सरकार टिकलं एकेचाळीस दिवस. मी तेव्हा कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात, दिल्लीत येणाऱ्या मंत्र्यांची कामं बघत असे. पहिल्याच खेपेला ताईंनी विचारलं, "स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला येणाऱ्या आपल्या मुली इथं राहतात कुठं?" मी त्यांना घेऊन गेले. तळघरातली एक खोली, सहा मुली, खिडकी नाही. ताई दारातच थांबल्या. त्या दिवसापासून त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची फाइल जी हातात घेतली, ती महिन्याभरात शेवटच्या सहीपर्यंत आणली.

ती सही व्हायची होती त्या दुपारी भोजनगृहातल्या टीव्हीवर बातमी आली. एका पक्षानं पाठिंबा काढला होता, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला होता. मी धावत ताईंच्या खोलीत गेले, टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं. "ताई, कालची तारीख टाका. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी पेन घेतलं. कागदाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मला कळेल ना, बाई."

त्यांनी तासाभरात खोली सोडली. सरकारी गाडी नाकारून रिक्षा मागवली.

मला वाटलं, संपलं. पण पुढची नऊ वर्षं ताई त्या फाइलीसाठी रेल्वेनं दिल्लीला येत राहिल्या. उतरायच्या लक्ष्मीबाई नगरला, आमच्या क्वार्टरमध्ये. माझ्या लेकीनं एकदा विचारलं, "आजी, माजी मंत्री मतलब?" ताई हसल्या. "ज्याला आता चिठ्ठी पाठवून बाहेर बसावं लागतं, तो."

अशाच त्या एकदा अतिथिगृहात दिवसभर बसल्या. आत होते त्या खात्याचे नवे मंत्री; ताईंचं सरकार पाडण्यात ते पुढे होते. संध्याकाळी बोलावणं आलं. मी सोबत होते. ताई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पाडलंत ते आमचं सरकार होतं, साहेब. वसतिगृह मुलींचं आहे."

ते गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. महिनाभरात सही झाली.

उद्घाटनाची पत्रिका ताईंना आली नाही. तरी आल्या, शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. मी रागावले, तर म्हणाल्या, "अगं, खिडक्या बघ किती मोठ्या ठेवल्यात!"

परवा मी तिथं गेले. या मुलींना ताईंबद्दल कुणीतरी सांगायला हवं, असं सारखं वाटत होतं. अभ्यासिकेत चाळीसेक मुली माना खाली घालून वाचत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, तशी दाराजवळची मुलगी कुजबुजली, "काकू, प्लीज... हळू. सगळ्या अभ्यास करतायत."

मी मान हलवली, आणि एक रिकामी खुर्ची पाहून गुपचूप बसून राहिले.