एका माणसापुरती गाडी

"मावशी, आई गेली. झोपेतच गेली... काही त्रास झाला नाही." माझा भाचा सचिन, त्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी जळगाव जामोदच्या घरी अंगणात मूग निवडत बसले होते. नंतरच्या आठवड्यांत हेच वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की आता कुणी ते उच्चारलं तरी माझं डोकं तापतं. शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, निर्मलाबाई तृप्त मनाने गेल्या. निर्मलाबाई माझी सख्खी मोठी बहीण. ती तृप्त मनाने गेली नाही. निदान एवढं तरी कुठेतरी छापून यावं, म्हणून लिहिते आहे.

ताई सोनाळ्याच्या शाळेत शिक्षिका होती, भाऊजी पाटबंधारे खात्यात. उभी हयात सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. बदली झाली तरी शेजारच्याच गावी. निवृत्तीनंतर भाऊजींनी एक जुनी मिनीबस घेतली, सीटा उपटून काढल्या आणि आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे असं सगळं बसवून घेतलं. "घर असून गाडीत झोपते हे लोकं," असं गाव म्हणालं. ती दोघं मात्र कच्छपासून कोकणापर्यंत हिंडली. भाऊजी चालवायचे, ताई शेजारी बसून रस्ता सांगायची, भूक लागली की झाडाखाली गाडी उभी करून भाकरी थापायची. काही वर्षं अशी गेली... आणि एका सकाळी आंघोळ करून आलेले भाऊजी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

मिनीबस कडुनिंबाखाली उभी राहिली. सचिन म्हणाला, विकून टाकू. ताई लगेच तयार झाली. "हाव, विकू. एवढं धूड मले कुठं आवरते? लहान घेऊ. मले चालवता येईन अशी." सायकलशिवाय तिने आयुष्यात काही चालवलं नव्हतं, आणि साठी केव्हाच उलटली होती. सचिनला वाटलं, दुःखात बोलते आहे, विसरेल. ती विसरली नाही. माझ्याकडे जळगावला राहायला आली, ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागली, पहिल्या परीक्षेत नापास झाली, रडली, आणि पुन्हा गेली.

लायसन्स हातात आल्यावर तिने एक छोटी व्हॅन घेतली आणि वरवट बकालच्या सलीमभाईंच्या वर्कशॉपमध्ये नेऊन उभी केली. मोठ्या गाडीतलं सामान आधीच अंगणात काढलं होतं, तेव्हा मी सोबत होते. मोठा कुकर नको, दुसरी गादी नको, भाऊजींची घडीची खुर्ची नको... दोन ताटांतलं एक तिने ठेवलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "तुले राहू दे," एवढंच म्हणाली. वर्कशॉपमध्ये सलीमभाईंनी विचारलं, "मॅडम, झोपायची फळी किती चौडी ठेवू?" ताई तिथल्या लाकडाच्या भुशातच आडवी झाली, हात अंगाशी घेतले आणि म्हणाली, "एवढी." सलीमभाईंनी वाकून तिच्या दोन्ही बाजूंनी खडूने रेघा ओढल्या.

त्या फळीवर ती दोन हिवाळे झोपली. आधी मला घेऊन जवळपास हिंडली, मग एकटी निघाली. सोनाळ्यातल्या बायका माझ्याजवळ येऊन म्हणायच्या, तुमच्या बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला का... पोराने टाकलं का... त्यांना तिसरं कारण सुचतच नव्हतं. एकदा महेश्वरहून तिचा फोन आला. "घाटावर बसून चहा पिऊन राह्यली वं. कोणी काही इचारत नाही. बरं वाटते." मी म्हटलं, "भाऊजींची आठवण नाही येत?" ती म्हणाली, "येते ना. घरी जास्त येते."

मग एका बाजाराच्या दिवशी, वरवट बकालला गाडी मागे घेताना ती सिमेंटच्या खांबाला लागली. मागचा पत्रा चेपला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत सचिनच्या फोनवर गेला, आणि त्याच आठवड्यात सचिन दारात उभा. आवाज चढवला नाही, आईच्या पायाशी बसून बोलला. "आई, आता पुरे. मला ऑफिसात लक्ष लागत नाही, घरी झोप लागत नाही. दिवाळीला चल तिकडे, मग बघू." ताई गाडी सलीमभाईंकडे दुरुस्तीला ठेवून दिवाळीला पुण्याला गेली. परतीचा विषय निघाला की नातवंडांची परीक्षा यायची, नाहीतर थंडी.

गाडी बंद पडून राहायला नको, अधूनमधून चालू करून ठेवा, असं सांगायला तिने एकदा सलीमभाईंना फोन केला. ते बिचारे गोंधळले. "मॅडम, गाडी तर कधीचीच गेली. सचिनसाहेब म्हणले, तुमीच इकायले सांगतली..."

तिने घरात शब्दही काढला नाही. मला तेवढं फोनवर सांगितलं. "मले इचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून नाही इचारलं त्यानं." मी पुण्याला गेले. सातव्या मजल्यावर तिची स्वतंत्र खोली होती, पंखा, एसी, टीव्ही, औषधं वेळेवर. ताई खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. सचिनला मी बाजूला घेऊन बोलले. तो म्हणाला, "मावशी, रस्त्यात तिला काही झालं असतं म्हणजे?"

"इथं काय होऊन राह्यलं, ते दिसत नाही का तुले?"

"इथे ती सुखरूप आहे."

खरं होतं ते. ती शेवटपर्यंत सुखरूप होती.

तेराव्याला पुन्हा त्या खोलीत गेले. सूनबाई कपाट आवरत होती. वाईट मुलगी नाही ती, ताईचं सगळं तिनेच केलं. मला म्हणाली, "बघा ना मावशी, आईंची ही काय सवय. कितीदा काढलं, पुन्हा कोंबायच्या." खालच्या खणात ताईचा कप, साखरेचा डबा, चहाचा डबा, बिस्किटांची बरणी होती. प्रत्येक दोन वस्तूंच्या मध्ये जुन्या सुती साडीचं फडकं घट्ट दाबून बसवलेलं, कपाच्या आत गुंडाळलेला रुमाल, झाकणांवर रबर. खाचखळग्यांतून गाडी जाताना भांडी वाजू नयेत, फुटू नयेत म्हणून करतात तसं. सातव्या मजल्यावरच्या, भिंतीत पक्क्या बसवलेल्या त्या कपाटात.

सूनबाईने काढलेली फडकी मी तिच्या हातातून घेतली आणि एकेक करून होती तशी बसवली. मग खण दोन्ही हातांनी धरून जोरात हलवला. काहीच वाजलं नाही.