छर्ऱ्यांना हळदकुंकू

माझ्या एअर पिस्तुलाचे छर्रे बाबा मायक्रोमीटरने मोजून देतात. सगळे एका मापाचे असले की नेम एका जागी लागतो. रेल्वेच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले, पण मापाचं वेड तिथं ठेवून आले नाहीत. शिसं मऊ, जरा जास्त दाबलं की छर्रा चेपतो, म्हणून ते मोजत असताना घरात कुणी बोलायचं नाही. छर्रे घरंगळतात म्हणून पंखाही बंद! दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या उकाड्यात मी नुसती धुमसत बसते.

यंदा खंडेनवमीला आईनं पणजोबांच्या तलवारीशेजारी माझं पिस्तूल मांडलं आणि स्पर्धेसाठी निवडलेल्या एकूणएक छर्ऱ्याला हळदकुंकू लावलं.

"अगं आई, माप गेलं ना सगळं!" मी ओरडले.

"मग पूजा नुसत्या पिस्तुलाची करू? जाऊन लागतात ते हेच ना?"

बाबांनी मऊ फडकं घेऊन एकेक छर्रा पुसला आणि पुन्हा मोजला.

स्पर्धेच्या दिवशी डबी उघडली, तर एका छर्ऱ्यावर कुंकू तसंच होतं. तो चुकून राहिला असेल असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्या बाबांना मोजताना पाहिलेलं नाही.