चला, मी नेतो तुम्हाला हिमालयात

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या. एका रविवारी त्यांनी मला केक खायला बोलावलं. भिंतीवर लडाखच्या एका खिंडीचा मोठा फोटो होता.

"इथे जायचं राहून गेलं," त्या म्हणाल्या.

आता आपली पद्धत काय? निघताना दारात "या की एकदा जेवायला" म्हणायचं, समोरच्याने "येऊ की" म्हणायचं, आणि मग दोघांनीही आपापल्या घरी सुखाने जेवायचं. त्याच चालीवर, तोंडात केक असताना, मी म्हणालो, "त्यात काय एवढं! चला, मी नेतो तुम्हाला."

बाई उठल्या आणि कॅलेंडर घेऊन आल्या. "आल्झो, तर मग, जुलै की ऑगस्ट?"

मेलो! हिमालय मी जन्मात पाहिला नव्हता. माझं गिर्यारोहण म्हणजे सिंहगड, तोही भज्यांसाठी. पण बोलून बसलो होतो, आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मग दर रविवारी त्या मला तिथल्या जवळच्या हार्त्सच्या डोंगरात सरावाला न्यायला लागल्या. त्या पुढे, मी मागे धापा टाकत. तरी खोड जाते का! दगडावर बसून मी वर त्यांनाच सांगायचो, "आमच्या हिमालयाची हवाच वेगळी."

ती हवा ऑगस्टमध्ये मला चांगलीच कळली. खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर सकाळी माझं डोकं फुटायला आलं, उलट्या थांबेनात. बाई मात्र ठणठणीत, चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. वाटाड्या म्हणाला, "साहेबांना आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं. घोडेवाला नेईल. मॅडम, तुम्ही काय करता?"

खिंड समोर दिसत होती. माझ्यामुळे बाई परत फिरल्या असत्या तर त्यांचं जन्माचं राहिलेलं कायमचं राहिलं असतं. त्या वयात पुन्हा कोण येतंय? मला अक्षरशः रडू फुटलं. हिमालयाच्या वारसदाराला दोन माणसांनी पोत्यासारखं उचलून घोड्यावर टाकलं.

"मी नेतो म्हणालो होतो हो तुम्हाला," मी वरून हुंदके देत म्हणालो, "आणि बघा हे काय झालं! माझ्यासाठी थांबू नका, जा तुम्ही."

"जातेच आहे," बाई मफलर बांधत म्हणाल्या. "आणि तुम्ही ते मनापासून म्हणाला नव्हतात, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माझा नवराही दर उन्हाळ्यात म्हणायचा, चल, तुला नेतो. मी दर वेळी समजूतदारपणे हसले आणि गप्प बसले."

एवढं बोलून त्या वाटाड्याच्या पुढे चढायला लागल्या. मी "सांभाळून जा" म्हणून ओरडलो, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.