मल्लव्वानं न जाळलेली वायर

शुक्रवार पेठेत भंगारातली वायर सोलणाऱ्या बायका बऱ्याच होत्या, पण मल्लव्वासारखा हात कुणाचा नव्हता. बाकीच्या बायका वायर जाळून तांबं काढत. धुरानं डोळे चुरचुरत, तांबं काळं पडे, प्लास्टिक वाया जाई. मल्लव्वानं फळीत धारदार पातं ठोकून घेतलं होतं. त्यावरून वायर ओढली की साल उभी चिरत जायची. तांबं नव्या घागरीसारखं लख्ख निघायचं, आणि साली चपलांचे तळ करणारे लोक येऊन घेऊन जायचे.

माल आणून द्यायचा शिवप्पा. गल्लीतलाच, लहानपणी आई गेलेला. मल्लव्वा त्याला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या हातची भाकरी खाऊनच तो मोठा झाला. तिचा नवरा वारला तेव्हा "अक्का, मी हाय की," म्हणत त्यानंच तिला या कामाला लावलं.

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्यानं काळ्या केबलचं जाडजूड वेटोळं तिच्यापुढं आणून टाकलं.

"तम्मा, ही तर नवीकोरी दिसतीया. कुटनं आणलीस?"

"मिलच्या लिलावातली. तू सोल की."

तिनं सोलली. तांबं तो घेऊन गेला, साली तिनं बांधून कोपऱ्यात ठेवल्या.

चौथ्या दिवशी भंगारवाल्यांची घरं तपासत फौजदार तिच्या दारात उभा राहिला. सोबत माढ्याकडचा रामहरी नावाचा शेतकरी. त्याच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली होती. रामहरीनं सालींचा गठ्ठा सोडला. एका सालीवर तापल्या सुईनं डागलेलं त्याचं नाव निघालं.

तिचं तांबं कोण नेतं ते गल्लीला ठाऊक होतं; शिवप्पाला बोलावणं गेलं. तो येताना दिसला तशी मल्लव्वाच्या जिवात जीव आला.

"साहेब, मी निस्ता तांबं घेणारा," शिवप्पा म्हणाला. "ही बाई वायर कुटनं आणती, मला काय ठावं?"

'ही बाई.' मल्लव्वा त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. त्यानं मान वर केली नाही. शेजारणी दारांत उभ्या होत्या; त्यांच्यादेखत तिला चौकीवर नेलं. तिथं फौजदारानं दहादा विचारलं. पण तम्माचं नाव चोर म्हणून घ्यायला तिची जीभ रेटत नव्हती.

शेवटी रामहरीच बोलला. "साहेब, ही चोर असती तर माझं नाव असं जपून ठिवलं असतं व्हय? पयलं त्येच जाळलं असतं की!"

फौजदाराला ते पटलं. मग त्यानं शिवप्पाचं गोदाम उघडायला लावलं. तिथं आणखी तीन विहिरींवरच्या केबली सापडल्या. मल्लव्वाला सोडलं, शिवप्पाला आत घातलं.

महिन्याभरानं तो जामिनावर सुटला आणि सरळ तिच्या दारात आला.

"अक्का, भ्यालो होतो गं. चुकलं माझं."

"चोरी केलीस, ती चूक," मल्लव्वा म्हणाली. "पोलिसानं दंड धरला तवा मी तुझ्याकडं बगत हुते, शिवप्पा. तुला ठावं हुतं, तरी मान खाली घातलीस. ती चूक न्हवं."

आपल्याला नावानं हाक मारलेली ऐकून तो उंबऱ्यातच रडायला लागला. तिलाही भरून आलं, पण ती जागची हलली नाही.

पुढं ती स्वतः लिलावाला जाऊन माल आणू लागली. चौकीच्या प्रकारानंतर अबोला धरलेल्या पेठेतल्या बायका पुन्हा बोलू लागल्या. तीही बोलायची, हसायची, पण परत तिनं कुणाशी नातं जोडलं नाही.