दिव्याखालचं ताट

घाटकोपरच्या त्या दिव्यांच्या दुकानात शिरल्यावर माझ्या वहिनीने पहिलं काम केलं ते म्हणजे पिशवीतून स्टीलचं ताट काढलं, डब्यातले लाल तांदूळ त्यात ओतले आणि एका लटकत्या दिव्याखाली काउंटरवर ताट ठेवून दुकानदाराला म्हणाली, "लावा." काचेचे गोळे पुसत उभा असलेला तो माणूस आधी ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघितलं. दादाने मात्र मुकाट्याने पिशवीची घडी घातली. त्याला एव्हाना सवय झाली होती.

"आंटी, ये मूड लाइट है," दुकानदार म्हणाला.

"मूड बरा आहे माझा. तू उजेड दे," असं म्हणून वहिनी तांदूळ निवडायला लागली.

नलिनीवहिनी मालवणकडची. लग्न होऊन आमच्या मुलुंडच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे मला तिने भावजी वगैरे कधी म्हटलं नाही. सुधीर, आणि चिडली की 'रे मेल्या'. आमचं स्वयंपाकघर इमारतीच्या डक्टकडे, म्हणजे पाइपांच्या अंधाऱ्या बोळाकडे उघडायचं. भर दुपारीसुद्धा तिथे ट्यूब लावावी लागे. तांदूळ तिच्या माहेरून येत आणि त्यात खडे असणारच. पण तिच्या हातच्या भातात कुणाच्या दाताखाली खडा आला, असं कधी झालं नाही. याचा तिला भारी तोरा. दुसऱ्यांकडे जेवायला गेलो की पहिल्या घासाला ती कान देऊन बसायची. कुठे कर्रकन आवाज आला तर माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवायची. "दिवा पाहुण्यांसाठी नसतो, खड्यांसाठी असतो," हे तिचं नेहमीचं वाक्य. शेजारणीने हॉलमध्ये झुंबर लावलं, तेव्हा तिलाही तिने ते तोंडावर ऐकवलं होतं.

इमारत पाडून नवी झाली आणि दादाने हौसेने नव्या घरातल्या स्वयंपाकघराची भिंत काढून मधोमध ओटा घातला, ज्याला हल्ली आयलंड म्हणतात. आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून राबलेल्या बायकोला आता घराकडे तोंड करून उभं राहता यावं, एवढीच त्याची इच्छा. त्याच सुमारास वहिनीचे डोळे तपासले. पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं. दवाखान्याचा जिना उतरताना वहिनी म्हणाली, "डोळ्यांना काय झालेलं नाही. त्या डक्टात राहून कोणाला दिसणार? नव्या ओट्यावर चांगला दिवा लावा, मग बघा." दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

तेव्हापासून आमच्या दिव्यांच्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पितळी शंकू, वेताच्या टोपल्या, आतली तार दिसणारे पिवळे बल्ब. वहिनीची परीक्षा एकच, आणि ती चोख. सकाळी निवडलेल्या तांदळात ती स्वतःच्या हाताने चिमूटभर खडे मिसळायची आणि दुकानातल्या प्रत्येक दिव्याखाली ते शोधायची. मान कलती करून, डोळ्यांच्या कडेने. एखादा सापडायचा, बाकीचे राहायचे. मग ती दिव्याला नापास करायची. "ह्याच्यात नवरा पण दिसत नाही, खडा काय दिसणार?" दुकानदार हसायचे. आम्हीही हसायचो. पण गाडीत बसल्यावर ती डबा मांडीवर घट्ट धरून बसायची आणि दादा उगाच आरसा नीट करत राहायचा. तिला खरं सांगावं तर ते तिने ऐकलेलंच होतं, आणि न सांगावं तर ती जगातले सगळे दिवे नापास करत सुटली होती. मला त्या दिवसांत स्वतःचा फार राग यायचा.

शेवटचं दुकान अंधेरीचं. तिथे ओट्याच्या लांबीचा एक पांढराशुभ्र दिवा होता, ऑपरेशनच्या खोलीत शोभावा असा. वहिनीचा चेहरा खुलला. तिने ताट ठेवलं, तांदूळ पसरले. एक फेरी झाली, दुसरी झाली. ताट उचलून तिने दिव्याजवळ नेलं, परत खाली ठेवलं. तिची बोटं थांबली.

"एकपण नाही दिसत रे सुधीर," ती हळूच म्हणाली. "इतका उजेड आहे, आणि एकपण नाही. म्हणजे दिव्यांचा काही दोष नव्हता."

दादाने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून ताटाशेजारी ठेवली. आत खडे होते.

"मी काढले, नलू. निघायच्या आधी. तुला सापडले नाहीत की तुझा चेहरा बघवत नाही मला. वाटलं, खडेच नसले तर..."

वहिनी पुडीतल्या खड्यांवरून बोट फिरवत राहिली. "अहो, मग आता मला कळायचं कसं?" एवढंच तिने विचारलं.

तिने पुडी ताटात उलटी केली, तांदूळ हाताने कालवले. पण तिने खाली बघितलंच नाही. ताट कलतं करून सगळं डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि दादाला म्हणाली, "हाच घ्या."

तो दिवा आता मुलुंडच्या ओट्यावर लटकतोय. तिने मुद्दाम इतका खाली लावून घेतलाय, की दादाचं डोकं रोज आपटतं. गेल्या रविवारी सकाळी मी गेलो, तेव्हा तिने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसली. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं, तरी तिने हात लांब करून बटण शोधलं आणि दिवा लावला.

"ऊन आहे की वहिनी," मी म्हटलं.

"असू दे. खडा मिळाला की माझ्या हातात दे. टाकू नको."

मी निवडत गेलो. एकेक खडा तिच्या पसरलेल्या तळहातावर ठेवत गेलो. प्रत्येक खडा ती अंगठ्याने चाचपून बघायची आणि मान हलवायची. मध्येच माझा हात थांबला, तशी ती पुढे झुकली.

"तुका दिसता मां नीट?"

"दिसतंय, वहिनी," मी म्हटलं. तिने हात तसाच पुढे धरून ठेवला होता.