तात्यांची पाळी आणि माझं कुलूप

हा किस्सा लासुर्ण्यात आता माझ्याशिवाय सगळेच सांगतात, आणि प्रत्येक जण थोडा मीठमसाला लावतो. म्हणून म्हटलं, चहा उकळतोय तोवर मूळ माल माझ्याकडूनच घ्या.

आमची विहीर सामाईक. माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या, दोघांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पाण्यावरून बोलणं तुटलेली घरं आमच्याकडे कमी नाहीत, पण या दोघांचा कधी आवाज चढला नाही. मी पडलो कॉम्प्युटरवाला, माझे हात शिवशिवत होते. मोटारघरात छोटा कॉम्प्युटर बसवला आणि प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की पाळी फाइलमध्ये जाते आणि वेळ झाली की पाणी आपोआप त्या वावरात. तात्यांना त्यांचं वेगळं खातं काढून दिलं, आणि ते एका बोटाने टाइप करायला शिकले, तेही माझ्या कौतुकापोटी.

आमच्या धंद्यात चाचणी करताना मुद्दाम वाईट वागावं लागतं. पाळीच्या फाइलला मी कुलूप घातलं, म्हणजे तिच्यात लिहायची परवानगी कुणालाच नाही, आणि पाहिलं प्रोग्रॅम काय म्हणतो. तो म्हणाला, 'पाळी बदलली.' फाइल उघडली, तर खरंच बदललेली. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. मला अभिमान वाटला! कुलूप काढायचंही विसरलो. अडत तर काहीच नव्हतं ना?

मग तात्यांनी मिरचीची रोपं लावली. ऊन रणरणतं, त्यांना सकाळचं पाणी हवं होतं. ती पाळी वडिलांची.

"घे की दादा, माझा ऊस काय मरत न्हाय," वडील म्हणाले.

तात्यांनी टाइप केलं. पडद्यावर आलं, 'पाळी बदलली.' ते निर्धास्त होऊन इंदापूरला लग्नाला गेले. दुपारी परतले तर रोपांनी माना टाकलेल्या, आणि शेजारी आमच्या उसात पाणी खेळत होतं.

तात्या आमच्या ओट्यावर आले. चहा घेतला नाही.

"द्यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं," ते वडिलांना म्हणाले. "व्हय म्हणून मागनं पाणी पळवायचं, ही कुठली रीत?"

"दादा, मी मोटारीकडं फिरकलो बी न्हाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेन तो मी कसला? दोघांना मोटारघरात नेलं, स्वतः टाइप केलं. मोटार सुरू, पाणी मिरचीत.

"बघा, मशीन चोख आहे," मी म्हणालो. "तात्या, तुमचंच काहीतरी चुकलं असणार."

तात्या निघून गेले, आणि त्यांचं आमच्याकडे येणंच थांबलं. वडील जेवताना एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या डब्यापायी माझा भाऊ तुटला." ते मात्र मला लागलं.

मी तात्यांच्या हातापाया पडून त्यांना पुन्हा मोटारघरात आणलं. माझ्यासमोर टाइप करा म्हटलं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. 'पाळी बदलली,' पडदा म्हणाला. फाइल पाहिली, तर तिच्यात काहीच हललेलं नव्हतं.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी रोज काम करायचो ते रूट खात्यातून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मालकाच्या खात्यातून. त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही. तात्यांचं खातं साधं, त्यामुळे ते माझ्या कुलपाशी अडले. आणि काम होवो न होवो, प्रोग्रॅम 'पाळी बदलली' असंच छापत होता. काम न झालेलं मी कधी पाहिलंच नव्हतं, मग वेगळं लिहिणार काय?

ओट्यावर दोघांसमोर सगळं कबूल केलं. आधी वडील हसले, मग तात्या. दोघांनी चहा मागवला तेव्हा मला रडायलाच आलं. वाळलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं मी लावली, तात्यांनी बांधावर बसून चुका काढल्या.

"आता ते मालकाचं खातं हिकडं दे," ते म्हणाले. दिलं. मला साधं खातं मिळालं.

त्याआधी मी प्रोग्रॅम दुरुस्त केला होता, काम अडलं तर आता खरं सांगेल असा. फक्त तपासायचं राहिलं होतं. फाइलचं कुलूप तसंच ठेवून माझ्या नव्या खात्यातून पाळी टाइप केली. पडद्यावर मीच लिहिलेली ओळ उमटली:

'तुम्हाला परवानगी नाही. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा.'

तात्या पाठीमागे चहा घेत उभे होते.

"व्हय," ते म्हणाले, "आता मशीन चोख हाय."