गलबत मास्तरांची उलटतपासणी

काशीहून आलेल्या माणसाच्या लोक पाया पडतात. गलबत मास्तर त्याला खुर्चीत बसवायचे आणि विचारायचे, "पोट कुठं बिघडलं?" बिघडलंच नाही असं कुणी म्हणालं, की त्याच्या यात्रेवरचा त्यांचा विश्वास उडायचा. मग धर्मशाळेत ढेकूण होते का, पंड्यानं कुठं अडवलं, अशी सरबत्ती सुरू. गंगाजलाची लोटी मांडीवर धरून बिचारा यात्रेकरू घामाघूम व्हायचा.

मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत कानडी सहज मिसळलेली. मी निपाणीची. त्यांना अण्णा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अक्का. अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. फळ्यावर पोर्तुगीज गलबत ते इतकं हुबेहूब काढायचे, की मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतरही गल्लीनं ते सोडलं नाही.

युरोपातून निघालेले ते जुने दर्यावर्दी हा अण्णांचा जीव की प्राण, आणि त्यांच्यातल्या एकावरही त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "राजाला पत्र लिहिताना सगळे सोनं, मसाले, गोड पाणी लिहितात. पुढची जहाजं मिळायला हवीत ना!" कोलंबसावर त्यांचा विशेष राग. क्यूबा हे बेट नसून मोठ्या भूमीचाच भाग आहे, असं त्यानं आपल्या खलाशांकडून शपथेवर वदवून घेतलं होतं. "खरं असतं तर शपथ कशाला घ्यायला लावली असती?" अण्णा हे अशा आवेशानं विचारत, जणू कोलंबस समोरच्या बाकावर मान खाली घालून उभा आहे. त्यांचा भरवसा फक्त रडगाण्यावर. बिस्किटांत किडे झाले, हिरड्या सुजल्या, वाटाड्या पळाला, असं लिहिणारा माणूस मात्र नक्की गेला होता, असं ते म्हणत.

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. अण्णांचं तोंड कधी पोळलं होतं कुणास ठाऊक, पण ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. त्यांच्या भाच्यानं सर्जापूर रोडला फ्लॅट घ्यायचं ठरवलं आणि बिल्डरची रंगीत पुस्तिका आणून दाखवली. तीत गॅलरीसमोर निळंशार तळं होतं. अण्णांनी ते पान नाकाशी नेलं. "तळं दाखवलंय. वास कुठं दाखवलाय?" भाचा पुढे महिनाभर आला नाही.

अक्कांना मी एकदा विचारलं, असल्या माणसाशी लग्न जमलं तरी कसं? त्या हसून म्हणाल्या, "बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, मुलीत खोट काय ते आधी बोला. वडील म्हणाले, भारी रागीट आहे. ह्यांनी तिथंच होकार दिला!"

माझा धाकटा भाऊ महेश होसकोट्याला कारखान्यात होता. एका रविवारी तो उड्या मारतच आला. एका एजंटानं त्याला पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात कॉम्प्युटरवरची नोकरी देऊ केली होती. तिकीट फुकट, राहणं-खाणं फुकट. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "सरी, ठीक. आता तिथून परत आलेला एक माणूस आण."

एजंटानं खरंच एक माणूस पाठवला. गॉगल डोक्यावर चढवून तो ओसरीत बसला.

"जेवण कसं होतं?" अण्णांनी विचारलं.

"एकदम फाइव्ह स्टार, सर!"

"घरचं काय आठवलं?"

"काहीच नाही, सर. सगळं मिळतं तिथं."

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "हा तिथं गेलेलाच नाही. गेला असेल तर खरं बोलायला मोकळा नाही. महेश, स्वल्प थांब."

महेश भडकला. "तुमास्नी सगळेच लबाड दिसत्यात अण्णा! ओसरीत बसून जगाच्या गप्पा. मी जाणार म्हणजे जाणार."

आणि गेला. तिकडून फोन करायचा, "ताई, मस्त आहे सगळं." मी जिना उतरले की अण्णा वाट बघत उभे. "काय तक्रार केली?" मी म्हणायचे, काहीच नाही, खूश आहे. त्यांचा चेहरा उतरायचा. "जेवणाबद्दलही नाही? उकाड्याबद्दल?" मला राग यायचा त्यांचा. आमचं पोरगं सुखात आहे, तर ह्यांच्या पोटात का दुखतं? पण हळूहळू मलाही त्या 'मस्त'ची भीती वाटू लागली. पुढे फोनच बंद झाले.

महेश परत आला तो सोडवून आणलेल्या लोकांच्या तुकडीतून. गालफडं बसलेली. तिथं पोचताच पासपोर्ट काढून घेतले होते आणि फोनवरून लोकांना गंडा घालायच्या कामाला जुंपलं होतं. आता उलटा संशय सुरू झाला. पोलिसांनी विचारलं, तू स्वतःहून किती केलंस? निपाणीत लोक कुजबुजले, माल दडवला असेल. वडील म्हणाले, खरं सांग. मीही तेच म्हणत होते. तो प्रत्येकाला तीच उत्तरं द्यायचा, भिंतीकडे बघत.

अण्णांना भेटायचंय, असं त्यानंच म्हटलं. ज्यांनी काशीच्या यात्रेकरूलाही सोडलं नाही, ते ह्याला काय सोडणार?

महेश ओसरीत उभाच राहिला. अण्णांनी विचारायच्या आधी तोच बोलला. "भाताला वास यायचा अण्णा. खाल्ला नाही की मारायचे." मग खाली बघून म्हणाला, "मीबी फसवलं लोकास्नी. एक म्हातारी होती. मराठी ऐकून मला बाळ म्हणाली. तिलाबी फसवलं."

मी अण्णांकडे बघत होते. आता प्रश्न येणार. कोण म्हातारी, कुठली, किती घेतलेस.

अण्णांनी हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि आत हाक दिली, "अगं, महेशला पान वाढ. भात मऊ कर." मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मला काही विचारायचं नाही, बाळा. तुझं खरं आहे."

घरी आल्यापासून महेश त्या दिवशी पहिल्यांदा रडला.